काचेतली चांदीची बाई

"मे महिना आहे, ऊन पडलंय, आणि तू गळाबंद स्वेटर घालून निघालीस," शिरीष गाडीत डबे ठेवता ठेवता म्हणाला. "तिथे लोक उघड्या अंगानं फिरत असतील."

मी म्हटलं, मला थंडी वाजते. डेन्मार्कात हे कारण बारा महिने चालतं. मागच्या सीटवर सहा वर्षांचा ओजस लाकडी तलवार नक्की मिळणार ना, याची हमी बापाकडून तिसऱ्यांदा घेत होता. मुक्ता खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिचं आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिला एक गोष्ट ठरवून सांगायची होती: आमच्याजवळ राहणार, की कोल्हापूरला आजीकडे जाणार.

आजी म्हणजे अनघाची आई. अनघा ही शिरीषची पहिली बायको, मुक्ता आणि ओजसची आई. ती आजारपणात गेली तेव्हा ओजस अजून बोबडं बोलत होता. नंतर शिरीषशी माझं लग्न झालं. मी साताऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवत होते, छत्तिशी गाठली होती, आणि घरच्यांनी माझ्या लग्नाचा नाद केव्हाच सोडला होता. मुलगा परदेशात आहे, दोन मुलं पदरात आहेत, असं स्थळ आलं तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला, तुला जमेल का? मी म्हटलं, बघू.

ओजसनं पंधरवड्यात मला आई म्हणायला सुरुवात केली. मुक्ता मला काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली की ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राही आणि मी वर बघेपर्यंत वाट पाही. मी पोळ्या लाटत असले तर अख्खी पोळी होईपर्यंत थांबे. बोलताना मला 'तुम्ही' म्हणे, कारण त्याच्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. दीड वर्ष तिनं हे निभावलं. गणितापुरतं मात्र आमचं जमे. अपूर्णांक घेऊन ती जेवणाच्या टेबलावर येऊन बसे, मी समजावे, ती मान हलवून वही मिटे आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेई.

कोल्हापूरच्या आजींनी तिथल्या शाळेत बोलून ठेवलं होतं. जून उजाडला की वर्ग सुरू होणार होते. शिरीषनं निर्णय मुक्तावर सोपवला. त्याला त्यात मोठेपणा वाटत होता, मला तो पळपुटेपणा वाटत होता. आणि आता ही सहल त्यानं काढली होती, म्हणजे मुलीचं मन वळेल. तो पवनचक्क्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. वारा कुठूनही आला तरी चक्कीचं तोंड त्याच्याकडे फिरवता येतं, हा त्याचा रोजचा अनुभव. मुलींच्या बाबतीतही तेच चालेल असं त्याला मनापासून वाटायचं.

मला ती जायला नको होती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. जिनं मला कधी साधी हाकही मारली नाही, तिला थांब म्हणून सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? पण संध्याकाळी टेबलावर ती अपूर्णांक घेऊन येणार नाही, हे डोक्यात आलं की मी ते पुसलेलं टेबल पुन्हा पुसत असे.

खाडीच्या काठी एक व्हायकिंग गाव पुन्हा उभं केलं होतं. हजार वर्षांपूर्वी होड्या घेऊन कुठल्या कुठे जाणारी, व्यापार करणारी आणि जमेल तिथे लुटणारी ही माणसं. त्यांची घरं लाकडी, लांबच लांब, वर गवताचं छप्पर, आणि आत मधोमध चूल. त्या काळचे कपडे घातलेले लोक लोहारकाम करत होते, सूत कातत होते, मुलांना काठीवर कणीक गुंडाळून निखाऱ्यावर पाव भाजायला शिकवत होते. सगळीकडे धूर आणि मेंढीच्या लोकरीचा वास होता. ओजसला दारातच तलवार मिळाली आणि त्याचा दिवस तिथेच सुफळ झाला.

दाराशी एक छोटं संग्रहालय होतं. शिरीषनं आदल्या दिवशी सगळं वाचून ठेवलं होतं. त्यामुळे प्रत्येक कपाटापुढे व्याख्यान होत होतं. ही कुऱ्हाड, ही नांगरलेल्या शेतात मिळालेली नाणी, हा कंगवा. मी मान हलवत मागून चालले होते. एका कपाटापाशी मुक्ता थांबली.

आत अंगठ्याएवढी चांदीची बाई होती. पायघोळ झगा, मागे केसांची गाठ, हातात काहीतरी धरलेलं. मानेमागे एक कडी होती, म्हणजे ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालत असणार. मुक्तानं पाटी वाचून ओजसला मराठीत सांगितलं, की ही एका माणसाला शेतात सापडली आणि ही कोण ते कुणाला माहीत नाही.

"देवी असेल, किंवा युद्धात मेलेल्यांना घेऊन जाणारी कुणी असेल," शिरीष म्हणाला. "तज्ज्ञांचं एकमत नाही."

"कुणाला माहीत नाही कसं?" मुक्ता म्हणाली. "जी घालत होती तिला माहीत असणारच. तिनं कुणाला सांगितलं नाही, एवढंच."

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. स्वेटरच्या आत, कातडीला लागून, तेवढीच चांदीची बाई माझ्याही गळ्यात होती.

हे आता सांगून टाकते. आमच्याकडे जुनी रीत आहे. बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, की नव्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली लहानशी मूर्ती. रोज तिला हळदकुंकू वाहायचं. नवीन कपडा, दागिना, गोडधोड, जे घरात येईल ते आधी तिला दाखवायचं, मग आपण घ्यायचं. आता फार कुणी हे करत नाही. पण माझ्या सासूबाई कराडच्या, जुन्या वळणाच्या. लग्नाच्या दिवशी त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि काही न बोलता साखळी गळ्यात अडकवली. शिरीषला कळलं तेव्हा तो ओशाळला. म्हणाला, विमानात बसलीस की काढून टाक, आणि मुलांना यातलं काही कळू देऊ नकोस. कुणी पाहिलंच तर देवी आहे म्हणून सांग.

मी काढला नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास होता असं नाही. पण मी त्या बाईचं घर घेतलं होतं, नवरा घेतला होता, मुलं घेतली होती. तिच्याच पातेल्यात मी रोज भात शिजवत होते. गळ्यात चार गुंजा चांदी वागवायला माझं काय जात होतं? तर रोज सकाळी आंघोळ झाली की न्हाणीघराचं दार लावून मी तिला कुंकू लावत होते. पहिले काही महिने रागानं लावलं, मग सवयीनं. पुढे पुढे मी तिच्याशी बोलायलाही लागले. आज ओजसचा दात पडला, आज मुक्तानं जेवताना दुसऱ्यांदा आमटी घेतली, असं काहीबाही. परक्या देशात सगळे घराबाहेर पडले की माझ्याशी मराठीत कुणी बोलणारं नव्हतं, हेही एक कारण असेल.

अनघाबद्दल मला माहिती मात्र काडीची नव्हती. मी आले तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीवर चार खिळे होते आणि त्यांवर काहीच नव्हतं. मी विचारलं तर शिरीष म्हणाला, घड्याळ लावायचं होतं. चार घड्याळं कशाला, हे मी विचारलं नाही. घरात तिचं नाव निघालं की तो उठून खिडकी उघडायचा.

जेवणं झाली. थालीपीठ आणि दही मी बरोबर नेलं होतं, ते तिथल्या गवतावर बसून खाल्लं. मग शिरीष ओजसला घेऊन होड्या बघायला गेला. जाताना मला डोळ्यांनी खूण केली, म्हणजे बोल तिच्याशी. जे काम अनघा गेल्यापासून तीन वर्षं त्याला जमलं नाही ते मी एका दुपारी उरकावं, अशी अपेक्षा होती.

आम्ही दोघी एका लहान घरापाशी आलो. तिथे बोडिल नावाच्या साठीच्या बाई व्हायकिंग कपडे घालून बघायला देत होत्या. त्यांनी आम्हाला आत ओढलंच. मला जाड सुती अंगरखा दिला, त्यावर पट्ट्यांचा लोकरी झगा, आणि दोन खांद्यांवर पट्टे अडकवायला दोन पितळी पिना, वाटीएवढ्या, कासवाच्या पाठीसारख्या फुगीर. मग मुक्ताच्या हातात त्या पिना देऊन त्या डॅनिशमध्ये म्हणाल्या, तुझ्या आईला लाव. तेवढं डॅनिश मला येत होतं.

"ती माझ्या बाबांची बायको आहे," मुक्ता म्हणाली. तेवढंही येत होतं.

बोडिलबाई काही गडबडल्या नाहीत. बरं मग त्यांना लाव, म्हणाल्या. अंगरख्याचा गळा मोठा होता आणि त्याच्याखाली स्वेटर बसत नव्हता, म्हणून मी पडद्याआड जाऊन तो काढला होता. मुक्ता माझ्या खांद्याशी उभी राहिली. माझ्या इतक्या जवळ ती त्याआधी कधी आली नव्हती.

"हलू नका," ती म्हणाली.

एक पीन नीट लागली. दुसरी लावताना तिच्या टोकात माझी साखळी अडकली. मुक्तानं ती सोडवायला म्हणून ओढली आणि टाक वर आला. आमच्या दोघींच्या मधे लोंबकळला. पत्र्याच्या खाचांत सकाळचं कुंकू होतं.

बोडिलबाई पुढे वाकल्या. काचेतल्या बाईची बहीणच ही, असं काहीसं म्हणाल्या आणि मुक्ताला काही विचारलं. मुक्ता टाकाकडे बघत होती. तिनं प्रश्न मराठीत केला, अगदी सपाट आवाजात.

"त्या विचारतात, ही कोण आहे."

देवी, एवढं म्हटलं की संपलं असतं. शब्द तोंडात तयारही होता. पण तासाभरापूर्वी ही मुलगी काचेपुढे उभी राहून काय म्हणाली, ते मी ऐकलं होतं. जी घालते तिला माहीत असणारच.

"अनघा," मी म्हटलं. "तुझी आई आहे ती."

मुक्तानं डॅनिशमध्ये काहीच सांगितलं नाही. तिनं पीन पूर्ण लावली, कारण हातात घेतलेलं काम ती अर्धं टाकत नसे, आणि मग बाहेर निघून गेली.

मी तो पायघोळ झगा आवरत तिच्यामागे गेले. लोहारापाशी नव्हती, होड्यांपाशी नव्हती. लोक माझे फोटो काढत होते. कपाळावर टिकली लावलेली व्हायकिंग त्यांनी आधी पाहिली नसणार. शेवटी सगळ्यांत मोठ्या घरात ती सापडली. आत अंधार होता, मधल्या चुलीत निखारे होते, आणि ती चुलीच्या दगडी कडेला बसली होती. मी समोर बसले.

"बाबांना माहीत आहे?" तिनं विचारलं.

"त्यांना वाटतं, मी विमानातच काढून ठेवला."

"मग का घालता?"

मी रीत काय ती सांगितली. सासूबाईंनी घातला, रोज हळदकुंकू करायचं, आधी तिला आणि मग मला.

"नाही केलं तर?"

"पहिली बायको त्रास देते म्हणतात."

"माझी आई?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "आई पालीलासुद्धा घाबरायची. ती कुणाला काय त्रास देणार?"

"मला नाही दिला," मी म्हटलं. "दीड वर्षात एकदाही नाही."

तिनं हात पुढे केला. मग म्हणाली, "दाखवा."

मी साखळी गळ्यातून काढून तिच्या हातात दिली. तिनं टाक निखाऱ्यांच्या उजेडात धरला, उलटापालटा केला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. हीच आठी ती चुकलेल्या गणितावर आणत असे.

"आई कुंकू लावत नव्हती," ती म्हणाली. "काळी टिकली लावायची. बारीक. अगदी एवढीशी."

मी टाकावरच्या कुंकवाकडे बघितलं.

"आणि अजून काय देता तिला?"

"नवी साडी आली की आधी तिला दाखवते. दिवाळीला पैठणी घेतली ती..."

मुक्ता हसली. तिला हसताना मी पाहिलं होतं, पण ओजसबरोबर, लांबून. "तिला साडी नेसता यायची नाही. लग्नाकार्याला सुलभामावशी नेसवून द्यायची. ती जीन्स घालायची. आणि पुरणपोळी दाखवता का? तिला पुरणपोळी आवडायची नाही. कोणी आग्रह केला की रुमालात घेऊन माझ्या ताटात टाकायची."

मी रोज सकाळी न चुकता एका बाईला कुंकू लावत होते आणि ती काळी टिकलीवाली होती. सणासुदीला तिच्यापुढे पुरणपोळी धरत होते. दीड वर्ष ती माझ्या गळ्यात होती आणि मी तिची काळजी घेते म्हणून मनातल्या मनात थोडी ऐट मिरवत होते. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि त्यातलं रडू पुढे गेलं.

"मला कुणी सांगितलंच नाही गं," मी म्हटलं.

"मला कुणी विचारलंच नाही," मुक्ता म्हणाली.

मग तिनं विचारलं, "आईचे फोटो तुम्ही काढायला लावले ना?"

"मी आले तेव्हा खिळेच होते. तुझे बाबा म्हणाले, घड्याळ लावायचं होतं."

"चार?"

"मलाही तोच प्रश्न पडला होता."

ती चुलीकडे सरकली. मग झग्याच्या टोकानं तिनं टाकावरचं कुंकू पुसलं. माझ्या झग्याच्या, आणि तो संग्रहालयाचा होता. चुलीच्या दगडावर बोट घासून तिनं काजळी घेतली, ते बोट दगडाच्या कडेवर टेकवून पुन्हा पुन्हा कमी केली, आणि नखाच्या टोकानं त्या चांदीच्या कपाळावर एक ठिपका दिला. फार बारीक. मान तिरकी करून बघितला आणि साखळी मला परत दिली.

"आता दिसते," ती म्हणाली.

बाहेर शिरीष आम्हाला शोधत होता. मला त्या वेशात बघून त्यानं फोटो काढला. तो फोटो माझ्याजवळ अजून आहे. डोळे सुजलेले, दोन्ही खांद्यांवर पितळी कासवं, आणि गळ्यात उघड्यावर टाक. शिरीषला टाक दिसला तेव्हा त्यानं कॅमेरा खाली केला. परतीच्या वाटेवर मुक्तानं ओजसला सांगायला सुरुवात केली. आई पाल बघून खुर्चीवर कशी चढायची आणि कितीतरी वेळ तिथेच बसून भाजी कशी निवडायची, तेही सांगितलं. पुढे बसून गाडी चालवणारा माणूस एवढ्या वेळात एकदाही खिडकी उघडायला गेला नाही. घर जवळ आलं तेव्हा तोच म्हणाला, एकदा पाल आहे म्हणून ती खुर्चीवरून खाली येईना, आणि ती पाल म्हणजे केळ्याची वाळलेली साल होती. मग त्यानं गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून तसाच बसला.

हे सगळं झालं म्हणून रविवार टळत नव्हता. सकाळी कोल्हापूरहून फोन यायचा होता. मी पोहे करत होते. मुक्ता नेहमीसारखी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी गॅस बारीक केला.

"मी आजीकडे गेले," ती म्हणाली, "तर ती मला द्याल?"

टाक म्हणायचं होतं तिला. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते नाही म्हणायचं. रीत मला घालून दिली होती, टाक सासूबाईंनी मला घातला होता, आणि रोज सकाळी बोलायला मला दुसरं कोण होतं? हा टाक हातचा सोडला नाही तर कदाचित ही मुलगीही राहील, असाही एक हिशेब डोक्यात येऊन गेला. हा हिशेब मला लगेच कळला आणि माझी मलाच लाज वाटली.

"देईन," मी म्हटलं. "तुझीच आई आहे."

मी हात धुतले, साखळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. टाकाच्या कपाळावर काजळाचा ठिपका होता. सकाळी मीच दिला होता, जरा मोठा झाला होता. मुक्तानं तो बघितला. फोन वाजला. दिवाणखान्यातून शिरीषनं हाक मारली, आजीचा फोन आहे. ती गेली नाही.

ती तशीच उभी राहिली, मूठ मिटून. फोन वाजत होता. मी पोह्यांकडे बघत राहिले, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते.

"नको," ती म्हणाली. "तिला आता इथली सवय झालीय. मलाही."

मग तिनं मला पाठ करायला सांगितली. मी केली. केस वर धरले. हूक बारीक होता, तिच्या बोटांना लागेना. शिरीषनं पुन्हा हाक मारली.

"येते, दोन मिनिटं," तिनं ओरडून सांगितलं, आणि मला म्हणाली, "हलू नका."

मी हलले नाही.